बेल्जियमला मिरची पाठवताय? तिथली तपासणी कशी चालते ते आधी समजून घ्या

नंदुरबारात मिरची कशी विकायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. अडतं ते कागदापाशी. आमच्या पथारीचे, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानाचे, कागद माझ्याकडे असतात, त्यामुळे दर हंगामात कुणी ना कुणी येतंच. कधी नवा व्यापारी, कधी शहाद्याकडच्या शेतकरी कंपनीतला एखादा शिकलेला पोरगा. "ताई, युरोपला माल द्यायचाय, काय काय लागतं?" मी उलट विचारते, युरोपात कुठं? मग तो नुसता बघत राहतो.

प्रश्न उगाच नाही विचारत मी. युरोपीय संघाचे नियम सगळीकडे तेच, पण तपासणारा माणूस त्या-त्या देशाचा. स्वीडनमध्ये बरीचशी दुकानं-हॉटेलं नगरपालिकेची माणसं तपासतात. जर्मनीत हे काम राज्यांकडे आणि त्यांच्या खालच्या जिल्ह्यांकडे आहे. आयर्लंडमध्ये वर प्राधिकरण एक, पण हॉटेलात शिरून फ्रीज उघडणारा निरीक्षक आरोग्यसेवेचा. बेल्जियममध्ये मात्र शेतापासून दुकानाच्या काउंटरपर्यंत सगळं एकाच संस्थेकडे आहे. ती संस्था एकदा समजली की आपला आयातदार अमुक कागद का मागतो, तमुक तारखेवर का अडून बसतो, याचा उलगडा होतो. म्हणून मी बेल्जियमचंच सांगते. शिवाय आमचा माल जातोही तिथंच. अँटवर्पला हिऱ्याच्या धंद्यातली पालनपूरकडची गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि नंदुरबारहून सुरत म्हणजे ताप्ती लाइनवर सरळ गाडी. मसाल्याच्या ओळखी अशाच निघतात.

देश केवढा, तर जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून जेवढा मुलूख, त्याहून थोडा मोठा. सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर. त्यात तीन राजभाषा: डच, फ्रेंच, जर्मन. आमचे जिभाऊ हे ऐकून म्हणाले, "इतलासा देस, अन् इतला कागद कसाले?" त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते.

१९९९ साली काय झालं

कागदाची सुरुवात कोंबडीपासून झाली. १९९९च्या जानेवारीत पशुखाद्यात घालायच्या चरबीत पीसीबी आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं असलेलं तेल मिसळलं गेलं. ते खाद्य पोल्ट्रीवाल्यांकडे गेलं. कोंबड्या अंडी कमी घालू लागल्या, पिल्लं उबेना झाली, आणि तरीही लोकांपर्यंत बातमी पोचायला मेअखेर उजाडली. मग दुकानांतून कोंबडी, अंडी, अंडी घातलेले पदार्थ सगळं उचललं. जून उजाडताच आरोग्यमंत्री आणि शेतीमंत्री दोघांनी राजीनामे दिले, आणि त्याच महिन्यात निवडणूक होऊन सरकारही गेलं.

विष एका ठिकाणी मिसळलं होतं, पण बघणारी खाती अनेक होती. खाद्याकडे शेतीखातं, मांसाकडे वेगळी संस्था, दुकानाकडे आरोग्यखातं. एकाच्या टेबलावरची माहिती दुसऱ्याच्या टेबलावर वेळेत गेली नाही. म्हणून ४ फेब्रुवारी २०००च्या कायद्यानं ही सगळी कामं एकत्र करून अन्नसाखळी सुरक्षेची केंद्रीय संस्था काढली. डच बोलणारे तिला एफएव्हीव्ही म्हणतात, फ्रेंच बोलणारे आफ्स्का. तुमच्या आयातदाराच्या मेलमध्ये दोन्हीपैकी कुठलंही नाव येईल, संस्था एकच आहे. पुढं शेतीखात्याची बरीच कामं प्रांतांकडे गेली, पण अन्नाची तपासणी केंद्राकडेच राहिली. माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच.

या संस्थेचं काम ओळखायचं तर तीन माणसं डोळ्यांपुढं ठेवा. मर्यादा ठरवणारा एक, तपासणारा दुसरा, शास्त्र सांगणारा तिसरा. अन्नातल्या मर्यादा युरोपीय संघ ठरवतो आणि देशातलं उरलेलं धोरण त्यांचं केंद्रीय आरोग्य खातं बघतं. तपासणी, नमुने, कारवाई एफएव्हीव्हीकडे. आणि धोका किती, नमुने कुठले नि किती घ्यावेत यावर मत द्यायला स्वतंत्र वैज्ञानिक समिती. संघाच्या पातळीवर हेच शास्त्राचं काम इटलीतल्या पार्मा शहरात बसलेली एफ्सा, म्हणजे युरोपची अन्नसुरक्षा संस्था, करते. एफ्सा तुमचा माल कधीच अडवत नाही, तिला मेल करून उपयोग नाही. असा मेल टाकून बसलेले लोक मी पाहिलेत, म्हणून सांगते.

आधी स्वतः तपासा, मग आम्ही बघू

बेल्जियमच्या व्यवस्थेचा कणा १४ नोव्हेंबर २००३च्या राजाज्ञेत आहे. तिच्यात धंदेवाल्यावर तीन कामं टाकलीत. स्वतःच्या मालाची स्वतः तपासणी ठेवणं, गडबड दिसली की लगेच संस्थेला कळवणं, आणि माल कुठून आला नि कुठं गेला याची नोंद ठेवणं. तिसरं काम तर २००२च्या १७८ क्रमांकाच्या युरोपीय कायद्यातच आहे: एक पायरी मागची, एक पायरी पुढची.

आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आला की दुकानात धावपळ होते आणि तो गेला की चहा होतो. बेल्जियममध्ये निरीक्षक येतो तो आधी तुमची वही मागतो. गोदाम स्वच्छ आहे की नाही हे तो बघतोच, पण तुम्ही स्वतः कधी बघितलं, काय सापडलं, मग काय केलं, हे लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर ते झालंच नाही असं धरतात. कोणत्या धंद्यानं काय तपासायचं याची मार्गदर्शिका त्या-त्या धंद्याच्या संघटनेनं लिहायची आणि संस्थेनं मंजूर करायची, अशी तिथं रीत आहे. बेकरीवाल्यांची वेगळी, बटाटेवाल्यांची वेगळी. संघटनेला आपल्या धंद्यातल्या खाचाखोचा माहीत असतात, त्यामुळे या मार्गदर्शिका कामाच्या निघतात.

मान्यताप्राप्त ऑडिटरकडून ही व्यवस्था पास करून घेतली की त्या धंद्याचं वार्षिक शुल्क कमी होतं आणि तपासण्याही कमी होतात. हॉटेलं, बेकऱ्या, किराणा दुकानं यांना दारावर लावायला हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह मिळतं. म्हणजे शिस्तीचे पैसे तिथं खरोखर वाचतात. आपला आयातदार ऑडिट पास झालेला असेल तर तो तुम्हाला जास्त छळणार हे धरून चाला, कारण त्याला ते ऑडिट टिकवायचं आहे. मी नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या मेलमध्येच विचारते, तुमची स्वतःची तपासणी प्रमाणित आहे का? असेल तर भाव चार पैसे कमी आला तरी मला चालतो. पैसे वेळेवर येतात आणि मालावरून भांडणं कमी होतात.

कळवण्याचं काम किती गंभीरपणे घेतात हे २०२२ सालच्या दोन चॉकलेट कारखान्यांवरून दिसतं. दोन्ही बेल्जियममधले, दोन्हीकडे साल्मोनेला. आर्लोनच्या कारखान्यात जंतू डिसेंबर २०२१मध्येच सापडला होता. पुढं अनेक देशांत लहान मुलं आजारी पडली, कारखान्याकडून माहिती अर्धवट मिळते आहे असं संस्थेला वाटलं, आणि ८ एप्रिलला ऐन ईस्टरच्या तोंडावर तिनं कारखान्याचा परवानाच काढून घेतला. जूनमध्ये तो सशर्त परत मिळाला. त्याच जूनच्या अखेरीस वीझ गावातल्या दुसऱ्या, आकारानं त्याहून प्रचंड कारखान्यात साल्मोनेला निघाला. त्यांनी स्वतःच्या तपासणीत तो पकडला, संस्थेला कळवलं, उत्पादन स्वतः थांबवलं. माल दुकानापर्यंत गेला नाही. दुसरा कारखानाही कित्येक आठवडे बंद राहिला, नुकसान त्याचंही झालं, पण परवाना काढून घ्यायची वेळ आली नाही.

आणि हे कळवण्याचं बंधन नुसतं मालकावर नाही, प्रयोगशाळेवरही आहे. तुमच्या आयातदारानं तिथल्या लॅबला नमुना दिला आणि तो फेल झाला, तर "रिपोर्ट जरा दाबून ठेवा" हे चालत नाही. आमच्या बाजारात अशी विनंती करणारी माणसं आहेत. त्यांनी बेल्जियमच्या वाटेला जाऊच नये.

पथारीवर हे कसं उतरवायचं

आता आपल्याकडचं. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, लिलाव होतो, आणि गावाबाहेरच्या पथारीवर पसरली जाते. व्हीएनआर, फापडा, जरेला, लाली, जी काय असेल ती. लांबून लाल चादर दिसते आणि फोटोवाले खूश होतात. कागदाच्या दृष्टीनं मात्र ही सगळ्यात धोक्याची जागा, कारण इथं दहा गावांची मिरची एकात एक मिसळते.

म्हणून पहिलं काम: पथारीचे चौक पाडा. चुन्यानं रेघ मारा, कोपऱ्यात खुंटीला पाटी. एका चौकात एका दिवसाची, एका जातीची आणि शक्य असेल तर एकाच गावाकडची मिरची. माझ्या वहीत एका ओळीत एवढं असतं: लॉट नंबर, तारीख, शेतकऱ्याचं नाव आणि गाव, बाजार समितीच्या पावतीचा नंबर, ओलं वजन, चौक, शेवटची फवारणी कधी नि कशाची, गोळा केल्याची तारीख, सुकं वजन, गोणी किती, देठ खुडणाऱ्या बायांची टोळी कुठली. शेवटचा रकाना लोकांना जास्तीचा वाटतो. एखाद्या लॉटमध्ये काचेचा तुकडा किंवा तुटलेली बांगडी निघाली की त्या रकान्याची किंमत कळते.

सुक्या वजनाचा रकाना खोटं बोलणाऱ्याला पकडतो. ओली मिरची वाळली की साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा उरते. दहा क्विंटल ओली टाकली आणि पाच क्विंटल सुकी भरली असं वहीत दिसलं, तर एकतर बाहेरची मिरची मिसळली किंवा ती वाळलीच नाही. बेल्जियमचा निरीक्षक आयातदाराकडे हेच गणित करतो. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती. बेरीज जुळली नाही की पुढचे प्रश्न सुरू.

दुसरं काम पाण्याचं. गोणी भरताना मिरची फुटू नये, बी सांडू नये म्हणून तिच्यावर पाणी मारायची आपल्याकडे जुनी सवय आहे. वजनही जरा चढतं, हे कुणी बोलत नाही. निर्यातीच्या मालावर ही सवय बंद. आपल्याच देशाच्या मानकात सुक्या मिरचीत ओल ११ टक्क्यांच्या आत हवी, आणि ओल वाढली की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन. युरोपची मर्यादा बघा: अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोला ५ मायक्रोग्रॅम, सगळे अफ्लाटॉक्सिन मिळून १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टन मिरचीत १० मिलिग्रॅम. डोळ्यांना चांगली लाल, तडतडीत दिसणारी मिरचीही यात नापास होते. ऑक्रॅटॉक्सिन म्हणून दुसरं एक बुरशीचं विष आहे, त्याची मिरचीसाठीची मर्यादा २० मायक्रोग्रॅम.

मावठा झाला आणि पथारी भिजली तर तो चौक निर्यातीतून काढून टाका. ताडपत्री वेळेवर पडली की नाही यावर मुकादमाशी वाद घालत बसू नका, वहीत सरळ "भिजली" लिहा. आमचा मुकादम आधी कुरकुरला होता, "मिरची वाळनी ना, मंग कागद कसाले?" आता भिजलेल्या चौकाची पाटी तोच काढून आणून देतो. ती मिरची देशी बाजारात वेगळ्या भावानं जाते, ती कशी नि कुणाला विकायची ते आपल्याकडच्या नियमांत बसवून ठरवा. सडकी निघाली तर फेकावीच लागते.

फवारणीचं दुखणं पथारीवर बरं होत नाही, ते शेतातच धरावं लागतं. ज्या औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला युरोपात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं. मिरची वाळली की पाणी जातं आणि औषधाचा अंश तेवढ्याच सालीत एकवटतो. मर्यादा ओल्या मिरचीची धरून सुक्यासाठी हिशेब करायची सोय त्यांच्या नियमात आहे, पण तो हिशेब लॅबला नीट मांडता यायला हवा. शेतकऱ्याकडून फवारणीची चिठ्ठी घ्या. दुकानदारानं दिलेल्या बाटलीचा फोटो मोबाइलवर मागवला तरी चालतं, मी तसंच करते. रनाळे, शनिमांडळकडचे आमचे नेहमीचे शेतकरी आता न मागता पाठवतात. नवीन माणूस टाळाटाळ करतो, त्याची मिरची मी निर्यातीच्या चौकात घेत नाही.

रंगाचं वेगळं सांगायला नको, पण सांगते. २००३मध्ये फ्रान्सला भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान-१ नावाचा कापडाला, मेणाला वापरायचा रंग सापडला आणि त्याच वर्षीच्या जूनपासून युरोपनं मिरचीसोबत लॅबचा दाखला सक्तीचा केला. २००५मध्ये ब्रिटनमध्ये त्याच रंगापायी शेकडो तयार पदार्थ दुकानांतून उचलावे लागले. आज आपला स्पाइसेस बोर्ड निर्यातीच्या मिरचीत रंग आणि अफ्लाटॉक्सिन तपासतो, ते या इतिहासामुळे. मसाला निर्यात करायला बोर्डाची नोंदणी लागते, हेही इथंच लिहून ठेवा. तुम्ही स्वतः निर्यातदार नसाल, सुरत-मुंबईच्या निर्यातदाराला माल देत असाल, तरी नमुना कुठल्या लॉटचा गेला हे तुमच्या वहीत हवं.

तिळानं शिकवलेलं

सप्टेंबर २०२०मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याची सूचना बेल्जियमनंच युरोपभर दिली. हा जंतू मारायचा वायू आहे. साल्मोनेला निघू नये म्हणून मसाल्यांना, तिळाला त्याची धुरी देतात. युरोपात अन्नासाठी तो चालत नाही. तिळाला मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, मसाल्यांना ०.१ मिलिग्रॅम किलोला, आणि त्यात वायूपासून बनणारं दुसरं रसायनही धरतात, त्यामुळे "वायू उडून गेला" हा बचाव लागू पडत नाही. एका देशानं दिलेल्या सूचनेनंतर तीळ घातलेले पाव, बिस्किटं, मसाल्यांची मिश्रणं अशी कित्येक उत्पादनं अनेक देशांतून मागं घ्यावी लागली, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये भारतातल्या तिळावर वेगळा नियम आला.

यातून आपल्यासाठी एक गोष्ट निघते. निर्जंतुक करायचं असेल तर वाफेची प्रक्रिया सांगा आणि करणाऱ्याकडून लेखी घ्या. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला प्रक्रिया करणाऱ्यानं तोंडी "स्टीम केलं" सांगितलं होतं, रिपोर्टमध्ये भलतंच निघालं. आता त्याचा माल कुणी घेत नाही आणि प्रक्रिया करणारा मजेत आहे. ज्या गोदामात दुसऱ्या कुणाच्या मालाला धुरी देतात, तिथं आपल्या गोणीही ठेवू नका.

बंदरावर

२०१९च्या १७९३ क्रमांकाच्या युरोपीय नियमात याद्या आहेत: कुठल्या देशाचा कुठला माल, कशासाठी, शेकडा किती खेपा प्रत्यक्ष तपासायच्या. एका यादीत नुसती वाढीव तपासणी, दुसऱ्या यादीत मूळ देशाचं अधिकृत प्रमाणपत्र आणि लॅब रिपोर्टही लागतो. भारतातली मिरची, भेंडी, शेंगदाणे, तीळ ही नावं या याद्यांत येत आली आहेत. याद्या साधारण दर सहा महिन्यांनी बदलतात. टक्का वाढतो, कमी होतो, नाव एका यादीतून दुसरीत जातं. म्हणून कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी पीडीएफ धरून सौदा करू नका. सौद्याच्या दिवशी एकदा आणि माल निघण्याआधी पुन्हा एकदा, संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर त्या नियमाची चालू आवृत्ती उघडून आपल्या मालाच्या कोड नंबरासमोरची ओळ बघा. मिरची अख्खी की पावडर, सुकी की ताजी, यानं ओळ बदलते.

यादीतला माल असेल तर आयातदारानं ट्रेसेस नावाच्या संगणक व्यवस्थेत आगाऊ प्रवेशपत्र भरायचं असतं, माल पोचायच्या किमान एक कामाचा दिवस आधी. आपल्या मालासाठीच्या प्रवेशपत्राला शेड-डी म्हणतात. तिथली सीमा तपासणी चौकी एफएव्हीव्हीचीच, मग माल अँटवर्पला उतरो, झीब्रुगेला किंवा विमानानं लिएजला. आधी कागद बघतात, मग कागदातला माल आणि कंटेनरमधला माल एकच आहे का ते, आणि शेवटी ज्याचा नंबर लागला त्याचा नमुना. नमुना एका गोणीतून घेत नाहीत, पुष्कळ गोण्यांतून थोडं थोडं घेऊन एकत्र करतात, कारण अफ्लाटॉक्सिन सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. तुम्हीही इथं तसाच नमुना काढा. वरच्या चार गोण्यांतला देखणा माल लॅबला पाठवून मिळालेला पास रिपोर्ट फक्त स्वतःला फसवायला पुरतो.

दुसऱ्या पायरीला बरेच लोक अडकतात. गोणीवरचा लॉट नंबर, प्रमाणपत्रावरचा आणि पॅकिंग लिस्टवरचा अक्षरन्‌अक्षर सारखा हवा. "एनडीबी-०७" आणि "एनडीबी ७" हे त्यांच्या लेखी दोन वेगळे माल. गोणीवर स्टेन्सिल मारणाऱ्या पोराच्या हातात मी छापील कागद देते, तोंडी सांगत नाही.

एक फुकटची सोय जाता जाता सांगते. एफएव्हीव्हीचे निरीक्षक ज्या तपासणी याद्या घेऊन जातात, त्या त्यांच्या संकेतस्थळावर उघड्या ठेवलेल्या आहेत: जागा आणि स्वच्छता, माग काढता येणं, कळवण्याचं बंधन, लेबल. डच नाहीतर फ्रेंच असतात, मोबाइलवर भाषांतर करून घ्या. मागाची यादी काढून आपली वही तिच्यासमोर ठेवा. तिथल्या दुकानांचे, धंद्यांचे तपासणीचे निकालही संस्था उघड करते. आपला आयातदार कसा आहे हे कुणाला विचारायच्या आधी तिथं नाव टाकून बघावं.

माल अडला तर

सगळ्यात आधी, निरोप तुम्हाला संस्था देणार नाही. तिचं बोलणं आयातदाराशी. तुम्हाला कळतं ते त्याच्याकडून, किंवा रॅस्फ नावाच्या युरोपीय सूचना व्यवस्थेतून. १९७९पासून देश एकमेकांना धोक्याच्या सूचना या मार्गानं देतात, आणि तिचा एक भाग कुणालाही इंटरनेटवर शोधता येतो. मूळ देश भारत आणि मालाचा गट मसाले निवडा, अलीकडे कुणाची मिरची कशासाठी अडली ते दिसतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मी हे चाळते. सलग अफ्लाटॉक्सिन दिसू लागलं की पथारीवर ताडपत्र्या वाढवायच्या, एखाद्या कीटकनाशकाचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं की शेतकऱ्यांना फोन करायचे.

बेल्जियमवाले सगळं वेळेवर करतात असं समजू नका. २०१७मध्ये अंड्यांत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक सापडलं, संस्थेला जूनच्या सुरुवातीला कळलं होतं आणि युरोपला सूचना गेली २० जुलैला. तपास सरकारी वकिलाकडे असल्यानं गुप्तता पाळली असं त्यांचं म्हणणं, शेजारचे देश मात्र चिडले. एकच संस्था केली म्हणून निरोपाची वाट आपोआप मोकळी होत नाही. पण तुमचा माल अडलेला असताना हा इतिहास उगाळून फायदा नाही.

नापास मालाचं तीनच पद्धतीनं काही होतं: नष्ट, परत, नाहीतर नियमात बसत असेल तर प्रक्रिया. खर्च मालाच्या जबाबदार माणसाचा, म्हणजे आयातदाराचा, आणि तो तुमच्याकडे वळवतो. म्हणून निरोप आला की पहिल्या तासात लॉट नंबर घ्या आणि वही उघडा. त्याच चौकातला आणखी माल कुणाकडे गेला, किती गोदामात आहे, ते शोधून आयातदाराला लेखी कळवा, त्यानं विचारायची वाट बघू नका. उरलेला माल बाजूला काढून त्यावर पाटी लावा. लॅबचा पूर्ण रिपोर्ट मागा, नुसता "फेल" नको. कोणती पद्धत, किती आकडा, नमुना कसा घेतला.

रिपोर्टवर शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागायचा हक्क २०१७च्या ६२५ क्रमांकाच्या नियमात आहे. तो आयातदारानं मागायचा, स्वतःच्या खर्चानं. त्यासाठी तुमच्याकडं त्याच लॉटचा सीलबंद नमुना असला तर बोलायला आधार मिळतो. मी प्रत्येक लॉटच्या दोन पिशव्या ठेवते, कोरड्या जागी, लॉट नंबर आणि सहीसकट, मालाची मुदत संपेपर्यंत. आणि हा दुसऱ्या तपासणीचा, परत आणण्याचा, नष्ट करण्याचा खर्च कुणी किती सोसायचा, ते सौद्याच्या कागदावर कंटेनर न्हावा शेवाला लागायच्या आधी लिहून घ्या.